दुभाष्या

मालवणहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता तारकर्ली मागे टाकून देवबागच्या वाटेला लागतो, तेव्हा प्रवाशाच्या उजव्या हाताला अरबी समुद्र असतो आणि डाव्या हाताला कर्ली नदी. दोन्ही पाण्यांच्या मध्ये उरते ती माडांची आणि वाळूची एक चिंचोळी पट्टी. या पट्टीवर राहणाऱ्या माणसांना वाऱ्याबरोबर मीठही मिळते. नको असले तरी मिळते. दाराच्या कड्या, सायकलच्या साखळ्या, विहिरीवरचा रहाट, भिंतीतले खिळे, लोखंड म्हणून जे जे असेल त्याला दोन पावसाळ्यांत तांबूस पापुद्रे सुटू लागतात. अशा ठिकाणी विजेवर चालणारी एखादी वस्तू चौदा वर्षे टिकली, तर घरच्या माणसांना तिचे कौतुक वाटावे यात नवल नाही.

त्या पट्टीवरील एका चिरेबंदी, कौलारू घरात संगणकाचा असा एक पडदा होता. मॉनिटर हे त्याचे खरे नाव; पण घरात सगळे त्याला पडदाच म्हणत. आजच्या पडद्यांसारखा तो लांबट नव्हता. जवळजवळ चौकोनी, सतरा इंची, करड्या रंगाचा होता. २०१० साली घरातल्या आईने सोले आणि आगळ विकून गाठीला बांधलेल्या पैशांतून तो एका जुन्या संगणकासह विकत घेतला होता. थोरला मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याने संगणक शिकावा अशी तिची फार इच्छा होती. मुलगा शिकला, मोठा झाला आणि त्याच विद्येच्या बळावर मुंबईला नोकरीस लागला. पडदा मात्र घरीच राहिला. जुन्या लुगड्याचा एक अभ्रा आईने त्याच्यासाठी शिवला होता. काम संपले की ती पडदा पुसून तो अभ्रा त्यावर घाली. देवघरातला दिवा शांत करावा तशा हलक्या हाताने.

मुलगा गेल्यावर संगणकाचा उपयोग आई आपल्या बचत गटाच्या हिशेबासाठी करू लागली. गटात वाडीतल्या चौदा बायका होत्या. कोणी सुकी मासळी विकी, कोणी खानावळ चालवी, कोणी तारकर्लीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरगुती जेवण करी. दर महिन्याला प्रत्येकीने थोडी थोडी रक्कम भरायची आणि जिला गरज असेल तिने त्यातून कर्ज घ्यायचे, असा साधा व्यवहार होता. आई आधी वहीत लिही, मग सावकाश एकेक अक्षर शोधत तेच संगणकात उतरवून ठेवी. अक्षरे शोधण्याच्या कामी तिला धाकट्या मुलीची मदत होई. ही मुलगी सातवीत होती. म्हणजे तो पडदा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी वडीलच होता.

२०२४ सालच्या आषाढात एका रात्री विजांचा फार कडकडाट झाला. सकाळी संगणक सुरू होईना. कळ दाबली की आत काहीतरी क्षणभर घरघरे आणि गप्प होई. पडद्यावरचा छोटा दिवा मात्र पूर्वीसारखाच लुकलुकत होता, जणू कोणी बोलावील म्हणून तो वाट पाहत होता. मुंबईच्या दादाला कळवण्यात आले. त्याने चार दिवसांत कुरिअरने एक नवा संगणक धाडला. तो पाहून सर्वांनाच हसू आले, कारण तो पोळपाटाएवढाही नव्हता. भाकरीच्या डब्यात सहज मावला असता! त्याला स्वतःचा पडदा नव्हता. ‘पडदा घरी आहे ना, तोच जोडा,’ असे दादाने कळवले होते.

पण जोडायचा कसा? पडद्याच्या जाड वायरीच्या टोकाला निळ्या रंगाचे, दोन बाजूंना दोन स्क्रू असलेले तोंड होते आणि त्यात टाचणीसारख्या बारीक पिनांच्या तीन ओळी होत्या. नव्या पेटीला मागे अनेक खोबणी होत्या. एक चपटी, एक गोल, काही आयताकृती. निळे तोंड मावेल अशी एकही नव्हती. मुलीने प्रत्येक खोबणीपाशी ते नेऊन पाहिले. तिची अवस्था परगावी गेलेल्या आणि कोणत्याच कुलपाला न लागणारी किल्ली हाती असलेल्या माणसासारखी झाली.

एरवी ही अडचण महिना-दोन महिने तशीच राहिली असती तरी बिघडले नसते. परंतु त्याच सुमारास गटात एक वाद उपस्थित झाला होता. नारळी पौर्णिमा जवळ येऊ लागली की जाळी शिवायची, होड्यांना तेल द्यायचे, यंत्रे दुरुस्त करायची घाई सुरू होते, आणि त्यासाठी बायकांना गटाकडून कर्ज लागते. जिचे मागचे हप्ते चुकते असतील तिलाच नवे कर्ज द्यायचे, असा नियम होता. वाडीच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवा काकीने मे महिन्याचा हप्ता भरलाच नाही, असे दोघीतिघी म्हणू लागल्या. काकी शपथेवर सांगत होती की आपण तो भरला. वही काढून पाहावी, तर पागोळीचे पाणी कपाटात शिरून तिची मे महिन्याची दोन पाने भिजली होती आणि शाईचे निळे डबके झाले होते. आईला आठवत होते की पैसे आले आहेत. पण हिशेबनीसाच्या आठवणीला हिशेब म्हणत नाहीत, हे तिला ठाऊक होते. संगणकातला सगळा हिशेब तिने दर महिन्याला एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला होता. उत्तर त्या बोटभर वस्तूत होते. ते पाहण्यास डोळा मात्र नव्हता. मोबाइलला तो पेन ड्राइव्ह बसेना. घरातला टीव्ही तर पडद्याहूनही म्हातारा, पेटीसारखा. मालवणात जाऊन एखाद्या दुकानात उघडून पाहावे, असे मुलीने सुचवले, तेव्हा आईने मान हलवली. गटाचा हिशेब म्हणजे चौदा घरांची झाकली मूठ. ती परक्या दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत उघडायला ती तयार नव्हती. रविवारी सभा होती आणि तो दिवस मंगळवारचा होता.

रात्री दादाचा फोन आला. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “आये, टाकून दी तो डबो. दिवाळीक नवो घेवन येतंय.”

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. आईला चांगले तेच मिळावे, एवढाच त्याचा हेतू होता. पण आई काही वेळ बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, “दिवाळी लांब असा रे. आणि ह्यो पडदो टाकूक माका जमाचा नाय.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मुलीने एक वायर विकत आणली. तिच्या एका टोकाला नव्या पेटीला बसणारे चपटे तोंड होते आणि दुसऱ्या टोकाला पडद्याला बसणारे निळे. दुकानदाराने दीडशे रुपये घेतले आणि ‘सरळ जोडा, लागेल,’ असे सांगितले. मुलगी वाटेत पावसात भिजली, पण वायर तिने दप्तरात, पुस्तकांच्याही आत ठेवली होती. घरी येताच पडद्याची जुनी वायर काढून तिने नवी लावली. दोन्ही तोंडे अचूक बसली. तिने कळ दाबली. पेटीतला पंखा गुणगुणू लागला. पडदा काळाच राहिला. तिने वायर काढून पुन्हा घातली. पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही दोन इंग्रजी शब्दांची पाटी क्षणभर चमकली आणि विझली.

ओसरीवर बसलेले आजोबा हे सर्व पाहत होते. ऐन उमेदीत ते होड्या बांधणारे सुतार होते. आता त्यांना जवळचे नीट दिसत नसे, म्हणून हत्यारे त्यांनी खुंटीला टांगली होती. पण कोणी काही जोडू लागले की त्यांचे लक्ष आपोआप तिकडे जाई. ते म्हणाले, “बाये, तोंडां जुळली म्हणान मनां जुळतत असा नाय.”

मग त्यांनी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. किनाऱ्यावर पहिल्याने होडीच्या मागे अडकवायची यंत्रे आली, तेव्हाची. वल्ही मारून आणि शीड लावून चालणाऱ्या होड्यांची पाठ निमुळती असे. पाणी कापत जावे म्हणून ती तशीच घडवलेली असे. यंत्राला मात्र अडकून बसायला सपाट फळी हवी. काहींनी यंत्र सुंभाने करकचून बांधून पाहिले. बांधले गेले खरे, पण सुरू होताच त्याने सारी होडी अशी हादरवली की सांधे उसवून पाणी आत येऊ लागले. आजोबांकडे अशी एक होडी आली, तेव्हा त्यांनी पहिले दोन दिवस लाकडाला हातच लावला नाही. यंत्राचे वजन किती, ते कोणत्या बाजूला रेटा देते, होडीची कोणती फासळी तो रेटा सोसू शकेल, हे ते विचारत आणि चाचपत राहिले. मग त्यांनी होडी आणि यंत्र यांच्या मध्ये बसणारी एक चौकट घडवली. ती होडीचीही नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. ती होडी पुढे कित्येक वर्षे चालली. गोष्ट सांगताना आजोबांनी ती चौकट हवेतच हातांनी करून दाखवली, आणि तिचे माप त्यांच्या बोटांना अजून पाठ होते.

गुरुवारी मुलीने शाळेतल्या संगणकाच्या बाईंना सारी हकीकत सांगितली. मधली सुट्टी चालू होती. बाईंनी विचारले, “तुमच्याकडे आगळ विकतात ना? आणि नारळही?”

“हो.”

“आगळ कसे देता?”

“मापून.”

“आणि नारळ?”

“मोजून.”

“झाले तर!” बाई हसून म्हणाल्या. “तुझ्या जुन्या पडद्याला मापून दिलेले कळते. नवा संगणक सगळे मोजून देतो. दोघांच्या मध्ये जी वायर तू लावलीस, तिला ना मापता येते, ना मोजता येते. ती नुसती वाट आहे.”

बाईंचे हे बोलणे थोडे उलगडून पाहण्याजोगे आहे. त्या निळ्या जोडणीला व्हीजीए असे म्हणतात. आयबीएम या अमेरिकी कंपनीने ती १९८७ साली प्रथम आणली. त्या काळचे पडदे म्हणजे काचेच्या मोठ्या नळ्या असत. नळीच्या आत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवीत जाई. आषाढात भाताची लावणी चालते तेव्हा बायका एका ओळीत तरवा लावत जातात, ओळ संपली की दुसरी धरतात आणि कुणगा संपला की पुढच्या कुणग्यात शिरतात; अगदी तसेच हे काम असे. म्हणून त्या वायरीत तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी तीन तारा, आणि ‘ओळ संपली’, ‘कुणगा संपला’ हे सांगण्यासाठी आणखी दोन तारा, अशी मुख्य व्यवस्था केलेली असते. रंग किती गडद हवा ते त्या त्या तारेतला विजेचा दाब कमीअधिक करून सांगतात. शून्यापासून एका व्होल्टच्या सुमारे सात दशांशापर्यंत. हेच बाईंचे मापाचे आगळ.

पुढे चपटे पडदे आले. त्यांच्यात झोत नाही. बारीक ठिपक्यांची जाळी असते. आईच्या पडद्यात अशा ठिपक्यांच्या १,०२४ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत १,२८० ठिपके. एकूण ठिपके झाले १३,१०,७२०, आणि ते सारे दर सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे! म्हणजे एका सेकंदात पावणेआठ कोटींहून अधिक ठिपके. असे असूनही कित्येक वर्षे या चपट्या पडद्यांना ती जुनीच निळी जोडणी बसवत. संगणक आपल्याजवळचे आकडे विजेच्या दाबात बदली आणि पडदा तोच दाब पुन्हा आकड्यांत बदली. विनाकारण द्राविडी प्राणायामच तो! पण जोडणी जगभर रुळलेली असली की ती सहजासहजी जात नाही. एचडीएमआय ही चपटी, एकोणीस संपर्कांची नवी जोडणी २००२ साली ठरली. तिच्यातून चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आकड्यांच्याच रूपात जाते. अखेर २०१० सालच्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो आदी मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन जाहीर केले की संगणकाच्या चिपांतून व्हीजीएचा आधार २०१५ पर्यंत काढून घेण्यात येईल. देवबागच्या त्या घरात पडदा आला तोही २०१० मध्येच. ज्या वर्षी त्याची घरात पूजा झाली, हळदकुंकू लागले, त्याच वर्षी दूर कोठे तरी त्याच्या भाषेचा शेवट ठरत होता, हे आईला कसे कळावे?

आकडे बोलणाऱ्याचे दाब समजणाऱ्याला कळवायचे, तर मध्ये दुभाष्या हवा. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे आला होता. त्याच्याबरोबर नारायण शेणवी नावाचा दुभाष्या होता. इंग्रजांची मागणी महाराजांच्या दरबारात आणि दरबाराचे उत्तर इंग्रजांकडे त्याच्यामार्फत जाई. तो नसता तर वकील आणि दरबार समोरासमोर बसूनही एकमेकांना मुकेच राहिले असते. मुलीने आणलेली दीडशे रुपयांची वायर अशीच मुकी होती. तोंडे दोन्हीकडे होती. मध्ये बोलणारा कोणी नव्हता.

“ज्याच्या पोटात चिप आहे असा अ‍ॅडॉप्टर आण,” बाई म्हणाल्या. “आणि दिशा नीट पाहा. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा हवा. उलट दिशेचाही मिळतो आणि दिसायला तसाच दिसतो. पण तो तुझ्या कामाचा नाही. मराठीचे इंग्रजी करणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजीचे मराठी करता येतेच असे नाही ना?”

शुक्रवारी आईने पदराच्या गाठीतून साडेतीनशे रुपये सोडले. मुलीने दुकानात जाऊन अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरे तीनदा वाचली. दुकानदार थोडा वैतागलाच. वस्तू आगपेटीएवढी होती. एका बाजूला चपट्या तोंडाची आखूड शेपटी, दुसऱ्या बाजूला निळ्या तोंडासाठी घर, आणि कडेला एक लहानसे गोल भोक. व्हीजीएच्या तारांतून आवाज जात नाही. म्हणून आवाजासाठी ती वेगळी वाट ठेवलेली असते.

शुक्रवारी संध्याकाळी वीज नव्हती. शनिवारी दुपारी ती आली, तेव्हा मुलीला धीर धरवेना. मुकी वायर काढून तिने पडद्याची स्वतःची जुनी वायर पुन्हा लावली, आणि तिचे निळे टोक अ‍ॅडॉप्टरच्या घरात घालू लागली. ते जाईना. तिने जरा तिरके करून जोर दिला. बारीकसा ‘कट्’ असा आवाज आला आणि टोक आत गेले. तिने सभोवार पाहिले. आई स्वयंपाकघरात होती. आजोबांचे डोळे मिटलेले होते.

कळ दाबताच पडद्याला जाग आली! पण चित्राऐवजी काळ्या अंगणात एक निळी पाटी तरंगू लागली, ‘आउट ऑफ रेंज’, म्हणजे आवाक्याबाहेर. इकडून तिकडे फिरत ती पाटी अर्धा तास तेवढेच सांगत राहिली. मुलीचे डोळे भरून आले. साडेतीनशे रुपये गेले होते, उद्या सभा होती, आणि तो ‘कट्’ असा आवाज तिच्या कानांतून जात नव्हता.

ती ओसरीवर जाऊन आजोबांच्या शेजारी बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आजोबा, माझ्या हातून काहीतरी मोडले.”

“आयकलंय मी,” आजोबा डोळे न उघडता म्हणाले. “काढून हाड. बघूया.”

वीज बंद करून तिने वायर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तीन ओळी, प्रत्येकीत पाच पिना. पंधरा भरायला हव्या होत्या. मधल्या ओळीत एक जागा चक्क रिकामी होती. तिच्या छातीत धस्स झाले. तिने बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, “ती नववी पिन. पुष्कळ वायरींत ती मुळातच नसते, तिच्यावाचून अडत नाही. तिसरी ओळ पाहा.” तिसऱ्या ओळीत पाहिले, तर दुसरी पिन, म्हणजे एकूण हिशेबात बारावी, वाकून शेजारणीच्या पायाशी लोळत होती.

ही बारावी पिन चित्र वाहून नेत नाही. तिचे काम निराळेच असते. ती आणि पंधरावी मिळून पडद्याची ओळख संगणकाला सांगतात: मी अमक्या कंपनीचा, माझ्या ओळी इतक्या, ठिपके इतके, यापेक्षा अधिक मला झेपणार नाही. ईडीआयडी या लघुनावाने ते ओळखपत्र ओळखले जाते. ओळखपत्र पोहोचले नाही म्हणून मधल्या दुभाष्याने समोर कोणी तरी मोठा, लांबरुंद पडदा असावा असे धरून चालून त्याच्या मापाचे चित्र धाडले. आणि बिचाऱ्या म्हाताऱ्या पडद्याने प्रामाणिकपणे सांगितले, हे माझ्या आवाक्याबाहेर आहे. तसे पाहिले तर त्या पाटीत खोटे काहीच नव्हते.

मोडलेली पिन जोडता येत नाही. वाकलेली सरळ होऊ शकते. पण चिमट्याने ओढली तर ती तुटण्याची भीती. आजोबांनी विचारले, “तुझी ती नळीची पेन्सिल खंय असा?” शिसे पुढे सरकवायच्या, टोकाला धातूची बारीक पोकळ नळी असलेल्या पेन्सिलीला मुले पेन-पेन्सिल म्हणतात. मुलीने ती आणून तिचे शिसे काढून टाकले. नळीचे टोक तिने वाकलेल्या पिनेवर अलगद टोपीसारखे चढवले. आजोबांनी तिच्या मनगटाखाली आपला तळहात ठेवला. त्यांना पिन दिसत नव्हती. पण मुलीच्या मनगटातला जोर त्यांना कळत होता. जोर वाढला की ते “हळू” म्हणत, आणि ती थांबे. केसभर, पुन्हा केसभर, असे करीत पिन उभी राहायला अर्धी घटका लागली असेल. बाहेर पागोळ्या गळत होत्या. स्वयंपाकघरातून आई दाराशी येऊन उभी राहिली होती. ती काही बोलली नाही.

या वेळी मुलीने वायर सरळ धरली आणि न रेटता आत जाऊ दिली. कळ दाबली. पडदा क्षणभर काळा राहिला, आणि मग उजळला. सारे चित्र आले खरे, पण हळदीत बुडवल्यासारखे पिवळेजर्द! पांढऱ्यातून निळा वजा केला की पिवळा उरतो. निळ्या रंगाची तार कोठे तरी धड टेकत नव्हती. खाऱ्या वाऱ्याने तिच्या पिनेवर चौदा वर्षांचे पुटे चढवलेले. मुलीने वीज बंद केली, वायर दोनतीनदा काढून घातली, आणि मग दोन्ही बाजूंचे स्क्रू, जे आजवर कोणी कधी पिळलेच नव्हते, ते बोटांनी घट्ट केले. पुन्हा कळ दाबली, तेव्हा पडदा दुधासारखा पांढरा होता.

“इला गो, इला!” आजोबा ओरडले. त्यांना चित्र दिसले नसेल, उजेड दिसला.

मे महिन्याचा हिशेब त्या रात्री कोणी उघडला नाही. मुलगी पेन ड्राइव्ह लावू लागली तेव्हा आईने तिचा हात धरला. “आधी आपण बघितला असा नको होवक,” ती म्हणाली. “उद्या सगळ्यांच्या समोर.”

रविवारी तेरा बायका ओसरीवर छत्र्या टेकवून आत आल्या. चौदावी काकी सर्वांच्या नंतर आली आणि दाराजवळच बसली. आईने अभ्रा काढला. मुलीने यादी उघडली आणि सावकाश खाली सरकवीत मे महिन्यावर आणली. खोलीत कोणी हालत नव्हते. काकीच्या नावापुढे १८ तारीख होती आणि पाचशे रुपये जमा होते.

ज्या दोघीतिघी हप्ता आला नाही म्हणत होत्या, त्यांतली एक पुढे वाकून पाहत राहिली, आणि मग मागे सरून तिने काकीसाठी जागा केली. काकी उठून पुढे आली. तिला वाचता येत नव्हते. ती मुलीला म्हणाली, “माझा नाव खंयचा गो, चेडवा? बोट ठेव.” मुलीने बोट ठेवले. काकीने त्या जागी आपलेही बोट टेकवले आणि थोडा वेळ तसेच राहू दिले. मग कर्जाची बोलणी सुरू झाली. काकीला मुलाच्या जाळ्यासाठी पैसे हवे होते. ते मंजूर झाले. चहा झाला. जाताना कोणीतरी पडद्यामागे हात लावून म्हणाले की ही छोटी डबी चांगलीच तापली आहे. आजोबा म्हणाले, “तापतली नाय तर काय! दोगांचा बोलणा तीच करता.” डबीला लागणारी वीजही ती संगणकाच्या त्याच चपट्या खोबणीतून घेते, वेगळी मागत नाही.

दादाला फोटो पाठवला, तेव्हा त्याने बऱ्याच वेळाने उत्तर लिहिले. नव्या पडद्याचा त्यात उल्लेख नव्हता. वायर कोठे लावली, स्क्रू पिळले का, एवढेच त्याने विचारले होते. दिवाळीला तो आला, तेव्हा पिना पुसायचे औषध आणि अभ्र्यासाठी पिशवीभर सिलिका जेलच्या पुड्या घेऊन आला. दमट हवेवर त्यांचा किती इलाज चालेल याविषयी आजोबांना शंका होती.

दीडशे रुपयांची ती मुकी वायर परत घ्यायला दुकानदाराने नकार दिला. आजोबांनी ती पडवीत दोन खुंट्यांना ताणून बांधली. पावसाळ्यात तिच्यावर त्यांचा पंचा वाळत असतो. लोखंडी तारेसारखा तिला गंज चढत नाही, यावर ते खूश आहेत.